सेबेस्टियन सरांचा टोस्ट

नंदाखालच्या सेबेस्टियन सरांची नक्कल करायची असेल तर घसा खाकरायचा नाही. सगळे तिथेच चुकतात. सर खाकरत नाहीत. ते आधी चष्मा कपाळावर चढवतात, मग उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरतात, जणू बोटांत खडू आहे, आणि मग येतो तो शब्द: "नाऊऽऽ, माय डिअर चिल्ड्रन." हा 'नाऊ' खालून वर येतो, विहिरीतून बादली ओढावी तसा, आणि काठावर आला की थोडा सांडतो.

मी विरारची, नंदाखाल आमच्या शेजारचं गाव. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या काकूंचे आवाज मला काढता येतात, पाण्याच्या टँकरचा रिव्हर्स हॉर्नसुद्धा. पण सर म्हणजे माझं खास. टिफनी ही माझी शाळेतली मैत्रीण आणि सरांची पुतणी. तिने मला त्यांच्या क्लासला नेलं, आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन मी आईला अख्खा तास ऐकवला. आईने हसता हसता पोळी करपवली. म्हणाली, "आर्या, मोठ्या माणसाची अशी टिंगल करू नये." मग म्हणाली, "ते 'माय डिअर' परत कर बघू."

क्लास म्हणजे सरांच्या घराची ओटी. समोर केळीची वाडी, फाटकावर पाटी: 'सेबेस्टियन्स स्पोकन इंग्लिश. बोलाल तर शिकाल.' सर स्वतः मराठी शाळेत शिकलेले. वसईच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला आणि सर ओटीवर आले. इंग्रजी त्यांनी उचललं रेडिओच्या बातम्यांवरून आणि चर्चच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांवरून, त्यामुळे ते कानाला अजूनही थोडं बातम्यांसारखंच लागतं. ग्रेसी आंटी, म्हणजे त्यांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या की सर जाहीर करतात, "द टी हॅज अराइव्ह्ड," आणि वाटतं चहा दिल्लीहून विमानाने आला.

गावातली किती पोरं या ओटीवर बोलायला शिकली. कोणी बँकेत लागली, कोणी जहाजावर, कोणी थेट कॅनडात. सुट्टीवर आली की सरांना भेटायला येतात, चॉकलेटं देतात, आणि "हाऊ आर यू, सर?" म्हणतात. सर त्यांची पाठ थोपटतात आणि विचारतात, "कवा आलास रे? आई बरी हाय?" मला हे फार गोड वाटायचं. केवढा साधा माणूस, आपल्या माणसांत आला की आपलीच भाषा बोलतो, असं वाटायचं.

सरांचा जीव फ्रेजल व्हर्बवर, म्हणजे 'गिव्ह अप'सारख्या जोडक्रियापदांवर. "ग्रामर म्हणजे वाडीचं कुंपण," ते म्हणतात, "फ्रेजल व्हर्ब म्हणजे आतली केळी. कुंपण चाटून पोट भरतं काय?" प्रत्येक फ्रेजल व्हर्बला ॲक्शन, आणि प्रत्येक उदाहरणात एकच माणूस: बॅप्टिस्ट. बॅप्टिस्ट गेव्ह अप स्मोकिंग. बॅप्टिस्ट रॅन आउट ऑफ पेट्रोल निअर राजोडी. बॅप्टिस्टचं आयुष्य आम्हाला स्वतःच्या मामापेक्षा जास्त माहीत होतं.

एका दुपारी आलं चिकन आउट.

"नाऊऽऽ. चिकन आउट. मीनिंग?"

"सर, हॉटेलात गेलो आणि चिकन संपलं," विघ्नेश म्हणाला. विघ्नेश आमच्यातला सगळ्यात खादाड.

"मग तू उपाशी राहिलास. बस खाली. नेक्स्ट?"

"कल्टी मारणे," टिफनी.

"नो. कल्टी मारणारा मजेत असतो. चिकन आउट करणारा मजेत नसतो."

"शेपूट घालणे?" मी.

"क्लोज. व्हेरी क्लोज. पण शेपूट माणूस कधीही घालतो. रस्त्यात कुत्रं भुंकलं, घातलं शेपूट. इथे आधी हो म्हणायला लागतं. चारचौघांत, छाती काढून. यू मस्ट फर्स्ट से येस! मग ती वेळ येते, आणि मग पाय मागे. आणि कारण काय? ओन्ली फिअर. गाडी चुकली म्हणून गेला नाही, ते चिकन आउट नव्हे. ताप आला, नव्हे. पण भीती वाटली आणि घरी येऊन सांगितलं की ताप आला, तर?"

"चिकन आउट!" आम्ही सगळे.

"ऑफ कोर्स!" सर म्हणाले आणि ॲक्शनला उठले.

ती ॲक्शन बघायला लोकांनी तिकीट काढलं असतं. सर ओटीच्या एका टोकाला गेले. कोंबडा झाले. मान पुढे, छाती वर, एकेक पाऊल असं टाकत निघाले की अख्खी वाडी त्यांच्या बापाची. अर्ध्या वाटेत थबकले. समोर कोणीतरी आहे. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि मग, हे मला अजूनही कळत नाही कसं करतात, चेहऱ्यावर असा भाव आणला की अरे, घरी गॅस चालू राहिला वाटतं, आणि अगदी सभ्यपणे वळून चालू लागले. पळाले नाहीत. चालले. आमची हसून पोटं दुखली.

मग बॅप्टिस्टचं उदाहरण. बॅप्टिस्टला गल्फच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आला. मुंबईत, उंच बिल्डिंगमध्ये. बॅप्टिस्ट टाय लावून गेला. लिफ्टमनने विचारलं, कितवा माळा? बॅप्टिस्ट म्हणाला, आलोच. आणि चर्चगेटपर्यंत चालत आला. "बॅप्टिस्ट चिकन्ड आउट ऑफ द इंटरव्ह्यू. राइट इट डाऊन."

आम्ही लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात प्रीतल आली. प्रीतल म्हणजे टिफनीची मोठी बहीण, सरांच्या भावाची, जॉन अंकलची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला सर धर्मपिता होते, म्हणजे ती पुतणीही आणि धर्मकन्याही. सरांना स्वतःचं मूल नाही. प्रीतलचं लग्न ठरलं होतं वांद्र्याच्या जोएलशी, आणि ती क्लास चालू असतानाच स्कूटरवरून उतरली, हेल्मेट न काढता ओटीवर चढली.

"सेबी अंकल, टोस्ट तुम्ही करायचा."

टोस्ट म्हणजे मला आधी वाटलं होतं भाजलेला पाव. टिफनीने समजावलं. त्यांच्या लग्नात संध्याकाळी केक कापून झाला की घरातलं एक मानाचं माणूस माइकवर जातं, नवरानवरीबद्दल चार शब्द बोलतं, ग्लास वर करतं, मग सगळा मांडव उभा राहून ग्लास वर करतो. तो मान कोणाला, यावरून घराघरांत अबोले होतात.

"जोएलच्या घरी मी सांगून ठेवलंय," प्रीतल म्हणाली, "माझे धर्मपिता इंग्लिशचे सर आहेत. त्याचे डॅडी म्हणाले, मग तर मजा येईल. कराल ना?"

पंधरा पोरं सरांकडे बघत होती. सरांची दोन बोटं हवेत गेली.

"ऑफ कोर्स!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रीतलने हेल्मेटसकट त्यांना मिठी मारली आणि त्यांचा चष्मा वाकडा झाला.

मग तयारी सुरू झाली. टिफनी आणि मी क्लासच्या आधी जाऊन विहिरीच्या कठड्यामागे बसायचो आणि ऐकायचो. सर वाडीत केळींसमोर उभे राहून बोलायचे. "रेव्हरंड फादर्स, रिस्पेक्टेड एल्डर्स, डिअर फ्रेंड्स." केळीचं एक पान हलायचं. पुढचं खरंच छान होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रीतल इतकी लहान होती की हातात धरायला भीती वाटत होती. फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि ती शिंकली. सगळं चर्च गप्प, आणि सर मोठ्याने म्हणून गेले, गॉड ब्लेस यू. "टुडे आय वॉन्ट टू से इट अगेन, विदाउट द स्नीझ." इथे सर थांबायचे, केळींना हसायला वेळ द्यायचे.

मला तो टोस्ट पाठ झाला. थांबे, श्वास, सगळ्यासकट. एकदा स्वयंपाकघरात ग्रेसी आंटींना करून दाखवला. आंटी माझ्या नकलेला नेहमी पदर तोंडाला लावून हसतात. त्या दिवशी मासे साफ करत राहिल्या.

"चांगला नाही झाला का, आंटी?"

"झाला की. अगदी तोच." त्यांनी सुरी धुतली. "केलींसमोर बोलतो गो तो. केली काय वांद्र्याच्या हायत?"

त्यांच्या घरची बोली मला पूर्ण येत नाही, पण चाल येते. वाक्याच्या शेवटी आवाज असा खाली ठेवतात, जणू डोक्यावरची पाटी उतरवली.

"म्हणजे?"

"म्हंजे इंग्लिस मानूस समोर आला का याची जीभ टालूला. कॅनडावाली पोरं येतात तवा ऐकलंस त्याला कंदी इंग्लिस बोलताना? तुमच्यासमोर बोलतो. माझ्यासमोर बोलतो, मला कलत नाय म्हनून." मग सुरी फडक्याला पुसत म्हणाल्या, "बॅप्टिस्ट कोन वाटला तुला? तो टाय यानं माझ्या भावाकडून नेला व्हता."

बॅप्टिस्टवर मी किती हसले होते.

"मग सरांना सांगा ना. प्रीतलला नाही म्हणू दे आत्ताच."

"सांगितला. म्हनाला, ग्रेसी, धिस टाइम आय ॲम रेडी." तेवढं वाक्य आंटींनी सरांच्या आवाजात काढलं, आणि तेही त्यांना हसू न येता.

लग्नाच्या संध्याकाळी चर्चमागच्या मैदानात मांडव होता. सर गडद निळ्या सुटात, केसांना तेल, खिशात लाल रुमाल. क्लासची पोरं बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "द बिग डे हॅज अराइव्ह्ड." आम्ही सगळे, "यस सर!"

जोएलची माणसं पुढच्या रांगेत बसली होती. त्यांचं इंग्रजी ऐकून माझे कान टवकारलेच. सरांसारखं नाही. नळ सोडल्यासारखं, मध्ये श्वासच नाही, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन'. "वॉट हीट, मॅन. पास द पीनट्स, मॅन." बायकांनासुद्धा मॅन. मी लगेच टिफनीच्या कानात सुरू केलं, आणि ती हातातलं सरबत सांडेपर्यंत हसली. सर मांडवाच्या खांबापाशी उभे राहून तेच ऐकत होते. ते हसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते, पाठ म्हटल्यासारखे.

तेवढ्यात जोएलचे डॅडी, सॅमी अंकल, हात पसरून त्यांच्याकडे आले. गोल, घामेजलेले, प्रेमळ गृहस्थ.

"सो यू आर द फेमस प्रोफेसर! दॅट गर्ल टॉक्स ओन्ली अबाउट यू, मॅन. वी आर ऑल वेटिंग!"

सर हसले. खूप हसले. मान हलवली. "यस यस," म्हणाले. सॅमी अंकल पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवून जावा हां."

स्वतःच्या मुलाच्या लग्नातून न जेवता कोण जातं? सॅमी अंकल म्हणाले, "शुअर, शुअर," आणि सरांचा खांदा थोपटून गेले. सरांचे कान लाल झाले होते.

केक कापला. बँड थांबला. माइकवरच्या माणसाने आवाजाला पॉलिश मारलं. "लेडीज अँड जंटलमन, अँड नाऊ, द मोमेंट वी हॅव ऑल बीन वेटिंग फॉर! टोस्ट रेझ करायला येत आहेत आपल्या नंदाखालचे लाडके, इंग्लिशचे बादशहा, मिस्टर सेबेस्टियन! पुट युअर हँड्स टुगेदर!"

ड्रमवाल्याने ताशासारखं काहीतरी बडवलं. सर उठले. वाइनचा ग्लास घेतला. चांगले ताठ, छाती पुढे काढून स्टेजकडे निघाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतली ती सगळी माणसं खुर्च्यांमध्ये वळून त्यांच्याकडे बघायला लागली. सर थबकले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि मग चेहऱ्यावर तो भाव आला, घरी गॅस चालू राहिल्याचा. ते वळले आणि बाजूच्या कनातीतून सभ्यपणे बाहेर चालत गेले.

मला क्षणभर वाटलं सर ॲक्शन करतायत. विघ्नेश तर हसलासुद्धा, मोठ्याने. मग त्याचं हसू एकटंच राहिलं.

"मिस्टर सेबेस्टियन?" माइकवाला म्हणाला. "सर? सेबेस्टियन सर स्टेजवर यावेत." कोणीतरी खोकलं. स्टेजवर प्रीतल हसत उभी होती. फोटोसाठी हसतात तसं, आणि फोटो संपतच नव्हता. जॉन अंकल रुमालाने मान पुसत होते.

टिफनीने माझा दंड धरला. "तू कर ना. तुला पाठ आहे."

मला पाठ होता. पण मला तो फक्त सरांच्या आवाजात येत होता. चष्मा कपाळावर, दोन बोटं हवेत, मधल्या थांब्यांसह. त्या मांडवात तसा केला असता तर काय झालं असतं ते डोळ्यांसमोर आलं आणि मी दंड सोडवून घेतला.

शेवटी सॅमी अंकल स्वतःच उठले. "द प्रोफेसर मस्ट बी हॅविंग सम इमर्जन्सी, मॅन. सो आय विल डू." चार वाक्यं बोलले. जोएल लहानपणी खिडकीतून चपला टाकायचा, आता ती खिडकी प्रीतलची. लोक हसले. ग्लास वर गेले. बँड सुरू झाला. सगळं इतकं सहज झालं की मला सॅमी अंकलचा राग आला.

मी कनातीमागे गेले. तिथे केटरर कढईत फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल वडे, तळत होता, आणि त्याच्या पलीकडे, रिकाम्या क्रेटांच्या उतरंडीला टेकून सर उभे होते. ग्लास हातात तसाच, काठोकाठ. एक थेंब सांडला नव्हता.

मला बघून म्हणाले, "इज इट ओव्हर?"

बोटं नाहीत, चष्मा नाही, 'नाऊ' नाही. इतकं साधं इंग्रजी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"हो सर," मी म्हटलं. "सॅमी अंकलने केला."

"गुड," ते म्हणाले. मग, "गुड, गुड."

ग्रेसी आंटी मागून आल्या. त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या हातातला ग्लास घेतला. तेवढ्यात दोघीतिघी नातेवाईक बायका धावत आल्या, "काय झाला गो सेबीला?" आणि आंटी पटकन म्हणाल्या, "बीपी. चक्कर आली."

सर हळूच एका क्रेटवर बसले.

मग जे झालं ते बघायला मला नको होतं, पण मी बघितलं. बीपी ही बातमी मांडवभर फिरली. सरांना खुर्ची आली, पेडस्टल फॅन आला, लिंबूपाणी आलं. "मला पन असाच व्हतं, उजव्या कुशीवर झोपा." "मीठ सोडा सर, मीठ." प्रत्येकाला सर मान हलवत होते, "हो, हो, बरं वाटतंय आता." एका म्हाताऱ्या आंटींनी पर्समधून स्वतःची बीपीची गोळी काढली आणि समोर उभ्या राहिल्या. घेतल्याशिवाय हलेनात. सरांनी गोळी घेतली. मला वाटलं गालात धरतील. गिळली. अर्ध्या तासाने ते खरोखरच पांढरे पडले, आणि दोघांनी बखोट धरून त्यांना रिक्षात घातलं. प्रीतल स्टेजवरून बघत होती.

पुढच्या सोमवारी क्लास झाला. छोट्या आर्यनने विचारलं, "सर, बीपी कसा आहे?" सर म्हणाले, "कंट्रोलमध्ये." मग फळ्याकडे वळले आणि बराच वेळ तारीखच लिहीत राहिले. त्या दिवशी बॅप्टिस्ट आला नाही. पुढच्या तासालाही नाही. उदाहरणांत आता 'ही' आणि 'शी' यायला लागले, नाव नसलेले. विघ्नेश वैतागून म्हणाला, "सर, बॅप्टिस्ट कुठे गेला?" सर म्हणाले, "बाहेरगावी." घरी आईने विचारलं, सरांचं काही नवीन? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं. त्यांच्या आवाजातलं सगळं सपाट झालं होतं, नक्कल कशाची करणार?

लग्नानंतर एका रविवारी वांद्र्याची मंडळी नंदाखालला जेवायला येणार होती. जेवण सरांच्याच घरी, कारण ओटी मोठी. ग्रेसी आंटींनी टिफनीला आणि मला फुगे तळायला बोलावलं होतं. ओटीवर, जिथे आम्ही बसतो तिथे, लांब टेबल मांडलं. सर प्रत्येकाला हात जोडत होते, खुर्च्या सरकवत होते, पाणी ओतत होते, म्हणजे बोलायला लागू नये. प्रीतल नव्या साडीत जोएलशेजारी बसली होती. सरांनी तिचा ग्लास भरला तेव्हा ती "थँक्यू अंकल" म्हणाली, ग्लासकडे बघून.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, वाढून झालं आणि सॅमी अंकलनी चमचा ग्लासवर वाजवला.

"लिसन, लिसन. प्रोफेसर! हाऊज द बीपी? फिट? देन वी वॉन्ट अवर टोस्ट, मॅन! दॅट डे वी मिस्ड इट. राइट हिअर, राइट नाऊ."

ते मनापासून बोलले. त्यांना वाटलं ते मोठी भेट देतायत. जोएलने टाळ्या वाजवल्या. जॉन अंकल म्हणाले, "अरे जाऊ द्या, तब्येत नाय त्याची." ग्रेसी आंटी म्हणाल्या, "डॉक्टरनी जास्त बोलायला नको म्हटलंय." मी दारात झारा घेऊन उभी, आणि मनात म्हणत होते, सर, करा, तुम्हाला येतं, केळींना विचारा.

सर उठले. ग्लास घेतला नाही. टेबलाची कड धरली.

"मला बीपी नाय," ते म्हणाले. मराठीत.

"बसा हो तुमी," आंटी.

"नाय ग्रेसी. मला बीपी नाय. कंदीच नव्हता." ते सॅमी अंकलकडे बघून बोलत होते, पण शब्द टेबलावर पडत होते. "तुम्ही सगळे समोर बसलेले. मी चालत आलो, तुम्ही वळून बघितलंत, आणि मी घाबरलो. मी पोरांना इंग्लिश शिकवतो, पण इंग्लिश मानसाशी मी कधी बोललो नाय. मी पळालो. आणि नंतर लोकांनी बीपी म्हटलं, तर मी बीपी घेतला. गोळीपन खाल्ली."

जोएलने हळू आवाजात त्याच्या डॅडींना काही सांगितलं. सॅमी अंकलचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग ते जोरात म्हणाले, "अरे बट वी टॉक रबिश इंग्लिश, मॅन! आस्क एनीवन!" आणि हसले. कोणी हसलं नाही. त्यांनी नॅपकिन उचलला, ठेवला.

प्रीतल उठली आणि आत आली. माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेली, ओट्याशी पाठ करून उभी राहिली. सर तिच्या मागून आले आणि दारात थांबले. मला बाहेर जायला वाट नव्हती. मी कढईकडे तोंड केलं.

"पोरी," सर म्हणाले.

"मला माहीत होतं अंकल." ती वळली नाही. "बीपीबीपी नाही ते. मी स्टेजवरून बघितलं तुम्हाला, कुठून गेलात ते. त्या घेराच्या फ्रॉकमध्ये मला उतरता येत नव्हतं, नाहीतर आले असते मागून."

सर दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

"आधी सांगायचंत. मराठीत केला असतात. घरच्या बोलीत केला असतात. मी कुठे इंग्लिश मागितलं होतं? मी सगळ्यांना सांगून ठेवलं, माझे अंकल, माझे अंकल. आणि तुम्ही त्या फॅनसमोर बसून लिंबूपाणी पीत होतात." आता ती वळली. रडत नव्हती. मला ते जास्त वाईट वाटलं.

"मग आता…" सर म्हणाले. "आता करू? बाहेर? आपल्या बोलीत?"

"आता कशाचा? लग्न झालं ना."

कढईतला फुगा काळा होत होता. मी काढला नाही.

प्रीतलने डोळे मिटून श्वास घेतला, सोरपोतेलचं मोठं भांडं उचललं आणि सरांच्या हातात दिलं. "हे न्या. बाहेर संपलंय त्यांचं."

सर भांडं घेऊन ओटीवर गेले. मी मागे दारापर्यंत गेले. टेबलावर सगळे फार लक्ष देऊन जेवत होते. सर सॅमी अंकलच्या खुर्चीपाशी थांबले. पळी भांड्याच्या काठावर वाजायला लागली.

"विल यू," ते म्हणाले, "विल यू हॅव सम मोर?"

आवाज इतका खाली होता की मला जेमतेम ऐकू आला. सॅमी अंकलनी मान वर केली. "सॉरी?"

सरांचे कान परत लाल झाले. त्यांनी प्रीतलच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग भांड्याकडे. मी दाराची चौकट घट्ट धरली.

"आय सेड," सर म्हणाले, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं, "विल यू हॅव सम मोर?"

सॅमी अंकलनी ताट पुढे केलं.